कोरी भट्टी

शिरड शहापूर
३ फेब्रुवारी २०२५

चि. रुक्सार,
अनेक आशीर्वाद.

काल तुझ्या वडिलांना मी तुझे पत्र अर्धेच वाचून दाखवले, म्हणून हे लिहिणे भाग पडले आहे. चौतीस वर्षे मी शाळेत विज्ञान आणि गणित शिकवले. फळ्यावर एक आकडा चुकला तरी वर्गासमोर कबूल करून दुरुस्त केला. आता अडुसष्टाव्या वर्षी पहिल्यांदाच जाणूनबुजून कोणाला फसवले, आणि तेही तुझ्यामुळे.

सादिकभाई दुपारी आले. नेहमीसारखे पायरीवर बसले, खुर्चीवर बसत नाहीत. लोखंडाने काळे झालेले हात सदऱ्याला पुसले आणि पाकीट पुढे केले. "हळू वाचा बाई. घाई न्हाई." मी पहिली बाजू वाचली. तब्येत, खानावळीतली आंबट डाळ, तिथली थंडी. डाळीचे ऐकून ते हसले. कागद उलटवला तर मागे तीन ओळी होत्या: "अब्बा, माझं काम बिघडलं आहे. मी हे सोडून मार्चमध्ये कायमची घरी येते. कोणाला काही विचारू नका."

मी कागदाची घडी घातली.

"एवढंच?"

"एवढेच."

"बराबर हाय," म्हणाले आणि पत्र खिशात ठेवून गेले.

हळदीचा हंगाम तोंडावर आहे. या भागातल्या निम्म्या शेतकऱ्यांच्या हळद शिजवायच्या कढया तुझे वडील बनवतात आणि त्यांच्या शेतात भट्ट्याही तेच लावतात. प्रत्येक बांधावर सांगतात, "माझी पोरगी आगीचा अभ्यास करून राहिली." त्या माणसाला मी त्या तीन ओळी कशा वाचून दाखवणार होते?

गेल्या ईदला तू माझ्या ओसरीच्या फरशीवर खडूने काढून दाखवले होतेस. ज्या इंजिनाचा तू संगणकावर अभ्यास करतेस, त्यात हवा आवाजापेक्षा कितीतरी वेगाने शिरते आणि सेकंदाच्या हजाराव्या भागात बाहेर पडते. तेवढ्यात इंधन तिच्यात मिसळायचे, पेटायचे, जळायचे. ज्योतीला बसायला जागा हवी म्हणून भिंतीत एक खोबण ठेवतात. तिथे हवा गरगरत राहते. "हे तर अब्बांच्या भट्टीतलंच आहे, बाई," असे तू म्हणालीस. खडूची ती खोबण मी चार दिवस पुसू दिली नव्हती.

आता ती ज्योत टिकत नसेल, म्हणून सोडून येतेस? विझू दे. पुन्हा लाव. काम जमत नाही म्हणून टाकून द्यायचे, हे मी तुला शिकवलेले नाही.

उत्तर पत्राने दे. फोनवर तू "बरी आहे" म्हणतेस, ते मला पटत नाही.

सु. ता. कऱ्हाळे


बेंगळुरू
१० फेब्रुवारी २०२५

आदरणीय बाई,
सलाम.

इथे प्रयोगशाळेच्या दारातच फोन जमा करावा लागतो. पत्र मात्र कोणी काढून घेत नाही. दुपारी संगणक मोजत होता, तेव्हा खिडकीत बसून तुमचं पत्र तीनदा वाचलं.

बाई, ज्योत विझत नाही. विझत नाही हीच तकलीफ आहे.

इंजिनाच्या त्या नळीचे आम्ही संगणकात चार कोटी तुकडे करतो. मी त्यांना खोल्या म्हणते. प्रत्येक खोलीत हवेचा वेग किती, ऊब किती, इंधन किती, हे मोजायचं, मग क्षणाचा एक कण पुढे सरकायचं, आणि पुन्हा सगळ्या खोल्या मोजायच्या. मोठे भोवरे खोल्याखोल्यांतून फिरताना दिसतात. खोलीपेक्षा लहान भोवरे दिसत नाहीत, त्यांचा अंदाज धरावा लागतो. एका सेकंदाचा हजारावा भाग पाहायला आमच्या यंत्राला अकरा दिवस लागतात. मग चित्र येतं. त्यात ज्योत इतकी सावकाश हलते की वाटावं, कोणी वाहत्या पाण्यात पिवळी ओढणी धरून उभं आहे.

तीन वर्षं माझी ज्योत अशी डुलत राहिली. निबंध छापून आला. आता माझ्या आकड्यांवरून धातूचा खरा नमुना घडवायचा आहे. अठ्ठावीस फेब्रुवारीला आराखडा कारखान्यात जाईल.

जानेवारीच्या सुरुवातीला प्रतिक्षा नावाची नवी मुलगी आमच्याकडे आली. तिला माझा प्रोग्राम समजावून देत होते. तिने विचारलं, "ताई, भिंतीचं तापमान एवढं का धरलंय?" मी म्हटलं, "भिंत गरमच असते." ती म्हणाली, "कोणी गरम केली?"

मी प्रोग्राममधली ती ओळ पुन्हा उघडली.

खरी चाचणी दोन-तीन सेकंदांची असते. तेवढ्यात भिंत तापत नाही. मी तिला पहिल्या क्षणापासून तापलेली धरली होती, आणि ती काही झालं तरी निवणार नाही असंही सांगून ठेवलं होतं. मग थंड भिंत धरून मोजलं. अकरा दिवसांनी चित्र आलं. ज्योत पेटली, खोबणीत एक गिरकी घेतली आणि गेली. पुढे नुसती हवा.

मी असं का धरलं ते तुम्हाला सांगते. भट्टीची भिंत मी कधी थंड पाहिलीच नाही. शाळा सुटल्यावर धावत शेतात जायचे, तेव्हा ती तापलेली असायची. मी पाठ शेकत बसायचे. हंगामातल्या पहिल्या दिवशी अब्बा सकाळीच कोरी भट्टी लावतात, तेव्हा मी वर्गात असायचे. सातवीत एकदा मी त्यासाठी सुट्टी मागितली होती. तुम्ही म्हणालात, "भट्टी तुझ्याशिवाय पेटेल, अपूर्णांक तुझ्याशिवाय सुटणार नाहीत." सगळा वर्ग हसला होता. मी दोष देत नाही, फक्त आठवलं.

हल्ली एक स्वप्न पडतं. मी त्या चार कोटी खोल्यांमधून चालते आहे. प्रत्येक खोलीत एक फळा, त्यावर तुमच्या अक्षरात तीन आकडे. दारं आपोआप उघडतात, वारा माझ्या आधी पुढच्या खोलीत जातो. चालत चालत भिंतीकडच्या शेवटच्या रांगेत येते. तिथल्या सगळ्या खोल्या उबदार आहेत आणि एकाही खोलीत कोणी नाही. मी विचारत जाते, ही ऊब कोणाची?

माझ्या मार्गदर्शक सरांना मी सांगितलेलं नाही. प्रतिक्षाला म्हटलं, मी बघते. आराखडा जाऊ दे, तो गेला की मी निघते. नमुना पेटला नाही तर लोक दुसरं कारण शोधतील, कारणं पुष्कळ असतात. या लोकांसमोर उभं राहायची ताकद माझ्यात नाही. घरी येऊन अब्बांना कढया घडवायला मदत करीन.

तुमची,
रुक्सार


शिरड शहापूर
१५ फेब्रुवारी २०२५

चि. रुक्सार,

माझा अंदाज चुकला होता. मला वाटले तू हरून येत आहेस. तू पळून येत आहेस. हे जास्त वाईट.

प्रयोगवहीत चूक झाली तर काय करायचे हे मी पाचवीच्या पहिल्या तासाला शिकवत असे. खोडरबर वापरायचे नाही. पान फाडायचे नाही. चुकीच्या आकड्यावर एक सरळ रेघ मारायची, अशी की खालचा आकडा वाचता आला पाहिजे. शेजारी बरोबर आकडा लिहायचा आणि तारीख टाकायची. तू पान फाडत आहेस. शिवाय त्या पानावरून आता दुसरी माणसे लोखंड कापणार आहेत.

अपूर्णांकांचे मला आठवते. आजही मी सुट्टी देणार नाही.

मात्र एक गोष्ट खरी आहे. या गावात येऊन मला चव्वेचाळीस वर्षे झाली, आणि कोरी भट्टी कशी लागते हे मीही पाहिलेले नाही. मीही वर्गातच असायचे. सादिकभाईंना विचारले. वीस तारखेला, गुरुवारी, वैजनाथ यांच्या शेतात हंगामातली पहिली भट्टी लागणार आहे. मी वही घेऊन जाणार आहे.

त्यानंतर तुझ्या आराखड्याला आठ दिवस उरतात. तेवढ्यात सरांना सांग.

सु. ता. कऱ्हाळे


बेंगळुरू
१९ फेब्रुवारी २०२५

आदरणीय बाई,

तुमच्या वहीत एक रेघ मारायची असते. इथे तीन वर्षांवर मारायची आहे. सरांनी दोन परिषदांमध्ये माझं नाव घेऊन ते चित्र दाखवलं आहे. गावाकडून आलेली मुलगी म्हणून लोक टाळ्या वाजवायला अर्धं पाऊल पुढेच असतात. उद्या तेच लोक "तरीच" म्हणायलाही तयार असतील. ते तुम्हाला ऐकावं लागणार नाही, मला लागेल.

आणि उलट बोलल्याबद्दल माफ करा, पण विचारते. तुम्ही माझ्या अब्बांना अर्धं पत्र वाचून दाखवलंत आणि "एवढेच" म्हणालात. त्यावर रेघ मारलीत का?

रुक्सार


शिरड शहापूर
२१ फेब्रुवारी २०२५

चि. रुक्सार,

तुझ्याकडून उत्तर आलेले नाही. वाट न पाहता लिहिते, कारण दिवस थोडे आहेत.

काल सकाळी सात वाजता वैजनाथ यांच्या शेतात पोचले. सादिकभाईंनी लांबूनच हाक मारली, "बाई, काहून येऊन राहिल्या? पाय घसरंल ना. आज बघन्यासारखं काय न्हाई. आज हळद न्हाई, नुसती आग."

"आगच बघायला आले आहे."

"मंग बसा. पर बोलू नका, वारं ऐकावं लागतं."

जमिनीत खणलेली भट्टी, आतून मातीने लिंपलेली. मागच्या भिंतीत कोपरभर खोल खोबण. वर कढई, तिच्यात फक्त पाणी. कोऱ्या भट्टीवर हळद टाकत नाहीत, हे मला काल कळले. आच खालीवर होते, हळकुंडे बाहेरून शिजतात आणि आतून कच्ची राहतात.

तुझी आई घरून गाडगे घेऊन आली. त्यात तिच्या चुलीतला विस्तव, वरून राख घातलेला. तो खोबणीत ठेवला. पुढे तुरीच्या वाळक्या तुराट्या लावल्या. वारा पश्चिमेचा.

सात वीसला पेटली. सात सव्वीसला विझली. "विझली की," मी म्हणाले. त्यांनी मानही वर केली नाही. "विझू द्या. भिंत उपाशी हाय. आता जे देऊ ते तीच खानार."

पुन्हा खोबणीतल्या विस्तवावर पेटली, पुन्हा विझली. एकूण तीन वेळा.

भिंत किती तापली हे कसे मोजायचे? मातीवर पाणी टाकले तर माती पिते. मी सादिकभाईंकडून पत्र्याची एक पट्टी घेतली, ती भिंतीला दाबून बसवली आणि तिच्यावर पाण्याचा एकेक थेंब टाकून तो नाहीसा होईपर्यंत आकडे मोजले. पावणेआठला दोनशेपर्यंत मोजून सोडून दिले. नऊ वाजता चाळीस. साडेदहाला नऊ. सव्वाअकराला थेंब टेकताच उडाला. तेव्हा सादिकभाईंनी खोबणीतला सगळा विस्तव सळईने बाहेर ओढला. मी दचकले. आग तशीच राहिली.

"आता इस्तू काढला तरी चालतं. आता भिंतच धरील."

मी विचारले, "मग चार तास ती कशावर टिकली?"

"खतीजाच्या चुलीवर."

तुझी आई लगेच म्हणाली, "व्हय की! सारा गाव म्हनतो सादिकची भट्टी. इस्तू कोनाचा ते कोनी इचारत न्हाई."

पुढचे लिहू की नको असा विचार केला, पण निरीक्षण पूर्ण असावे. माझ्या उजव्या डोळ्यात मोतीबिंदू आहे. प्रत्येक दिव्याभोवती मला एक कडे दिसते. सव्वाअकरानंतर कढईतल्या पाण्याची वाफ बांधावर पसरू लागली. वाफेतून माणसे ये-जा करत होती आणि त्यांचे पाय दिसत नव्हते. भट्टीच्या तोंडाशी ज्योत होती, तिच्याभोवती माझे कडे, त्या कड्याभोवती आणखी एक. ती पुढे जात होती आणि जागच्या जागीही होती. मला वाटले, कोणीतरी एका क्षणाला दोन्ही टोकांनी धरून दुपारएवढा लांब ताणला आहे आणि मी त्याच्या आत बसले आहे. तू अकरा दिवस जे पाहतेस, ते असेच असावे. मी घड्याळाकडे पाहिले तेव्हा एक वाजला होता. सव्वाअकरा ते एक, या वेळाची माझ्या वहीत नोंद नाही. असे माझ्या हातून पूर्वी कधी झालेले नाही.

तुझ्या इंजिनाला यातले काय लागू पडते, मला माहीत नाही. तुझी हवा वेगळी, वेग वेगळा, इंधन वेगळे. मी निष्कर्ष लिहीत नाही. निरीक्षणाची नक्कल सोबत जोडली आहे. निष्कर्ष काढणे तुझे काम आहे, आणि ते तिथे बसूनच करता येईल.

सु. ता. कऱ्हाळे


बेंगळुरू
२४ मार्च २०२५

आदरणीय बाई,
सलाम.

महिना झाला, तुमचं पत्र नाही. मीही लिहिलं नाही. चित्र आल्याशिवाय लिहायचं नाही असं ठरवलं होतं. ते आज आलं.

तुमची नक्कल मला पंचवीस फेब्रुवारीला मिळाली. सव्वीसला सकाळी सरांच्या दारात उभी राहिले. सगळं सांगितलं. सरांनी विचारलं, "हे तुला कधीपासून माहीत आहे?"

"पाच आठवडे झाले, सर."

"पाच आठवडे तू हे एकटी घेऊन बसलीस?"

एवढंच बोलले. कारखान्याला फोन करून आराखडा थांबवला. नंतर मात्र चार दिवस माझ्याशी फक्त प्रतिक्षाच्या मार्फत बोलले. मी समोर बसलेली असायचे आणि ते तिला सांगायचे, "रुक्सारला म्हणावं, ती फाईल पाठव." ती बिचारी मान वळवून मला तेच पुन्हा सांगायची.

तीन मार्चला सगळ्यांसमोर उभं राहावं लागलं. मी जुनं चित्र काढून टाकलं नाही. पडद्यावर तेच लावलं, त्यावर एक सरळ रेघ, खाली तारीख. ज्योत रेघेखालून दिसत होती. मागच्या रांगेतून कोणीतरी हळूच हसलं. मी थांबले आणि मग पुढचं वाचलं. छापलेल्या निबंधाची दुरुस्ती आता त्याच ठिकाणी माझ्या नावाने छापून येईल. प्रबंध वर्षभर लांबला आहे.

दरम्यान भिंत थंड धरली आणि खोबणीत आधीपासून एक लहानशी वेगळी ज्योत तेवत ठेवली. ही युक्ती आमच्या शास्त्रात जुनीच आहे, मी शोधलेली नाही. भिंत फुकटची गरम होती म्हणून मला तिची कधी गरजच वाटली नव्हती. त्या मोजणीच्या फाईलला नाव द्यायचं होतं. मी "खतीजा" दिलं. प्रतिक्षा विचारत होती, हे कुठल्या शास्त्रज्ञाचं नाव?

दोनदा मोजलं. पहिल्यांदा विझली. आज दुसरं चित्र आलं. ज्योत खोबणीत फिरली, बाहेर डोकावली, आत गेली, पुन्हा डोकावली आणि मग वाऱ्याबरोबर पसरत गेली. मी पूर्वी जेवढी हद्द सांगितली होती, तिच्यापेक्षा फारच अरुंद हद्दीत ती टिकते. जरा वेग वाढवला की जाते. पण जेवढी टिकते तेवढी खरी आहे. सर माझ्या खुर्चीमागे उभे होते. ते म्हणाले, "पुन्हा लाव." प्रतिक्षाला नाही, मला म्हणाले.

परवा ते स्वप्न पुन्हा पडलं. खोल्या त्याच, पण भिंतीकडची रांग गार होती. हात लावत लावत गेले. शेवटच्या खोलीचं दार उघडं होतं. आत अम्मी गाडग्यावरची राख फुंकत बसली होती. मला बघून म्हणाली, "दार लाव, वारं येऊन राहिलं."

ईदला येता येणार नाही. यंत्राची पाळी पुढचे तीन आठवडे आमच्याकडे आहे. अब्बांना समजावून सांगा. आणि मागच्या पत्रातला माझा प्रश्न मी परत घेते. तो विचारायला नको होता.

तुमच्या निरीक्षणाची मूळ वही मला मिळेल का? आणि जमलं तर त्या खोबणीतली थोडी माती. मोजायला नाही, नुसती टेबलावर ठेवायला.

तुमची,
रुक्सार


शिरड शहापूर
५ एप्रिल २०२५

चि. रुक्सार,
अनेक आशीर्वाद.

प्रश्न परत घेऊ नकोस. विचारलेला प्रश्न विचारलेला राहतो. महिनाभर मी लिहिले नाही, कारण माझ्याकडे उत्तर नव्हते. रोज ठरवायचे, आज सादिकभाईंना बोलावून सांगते. रोज संध्याकाळ व्हायची. तुला आठ दिवसांची मुदत देणारी मी, स्वतः दोन महिने घेतले.

ईदच्या दुसऱ्या दिवशी ते शीरखुर्म्याचा डबा घेऊन आले. पायरीवर बसले. मी डबा बाजूला ठेवला आणि म्हणाले, "सादिकभाई, फेब्रुवारीत मी तुम्हाला मुलीचे पत्र वाचून दाखवले. त्याची मागची बाजू वाचली नव्हती. मी खोटे बोलले."

"मालूम हाय," ते म्हणाले.

"कसे?"

"बाई, सारी जिंदगी पत्रा ठोकून राहिलो. दोन्ही अंगानं बघितल्याबिगर पत्रा घेत न्हाई मी. कागदाला मागून शाई व्हती. तुमी उलटवला, बघितला, आन घडी घातली. तुमचं तोंड बघितलं मी."

"मग दुसऱ्या कोणाकडून वाचून का घेतले नाही? गावात वाचणारे पुष्कळ आहेत."

"तुमी वाचलं न्हाई, म्हंजी ते आज वाचन्यासारखं नसंल. काम अजून कोरं असंल. थांबलो."

पत्र त्यांच्या खिशातच होते. घामाने घड्या पिवळ्या पडल्या होत्या. बारा शेतांत, बारा भट्ट्यांसमोर, रोजे धरून, ते कागद खिशात घेऊन उभे होते आणि त्यावर काय लिहिले आहे हे त्यांना ठाऊक नव्हते. मी चष्मा लावला आणि मागची बाजू वाचली. तिन्ही ओळी. त्यानंतर तुझे चोवीस मार्चचे पत्र वाचले, पहिल्या अक्षरापासून शेवटच्यापर्यंत, रेघेचे आणि मागच्या रांगेतल्या हसण्याचेही. ते पायरीकडे बघत ऐकत होते.

"मंग आता येऊन राहिली का?"

"नाही. राहणार आहे."

"बराबर हाय," ते म्हणाले. पायरीवरून उठले आणि म्हणाले, "मंग मीच जातो."

उद्या हिंगोलीहून नांदेड आणि तिथून बेंगळुरूची गाडी. एवढा लांब प्रवास त्यांनी कधी केलेला नाही. तुझ्या आईने निरोप दिला आहे, "माझं नाव तिथं लावलं ते लावलं, पर इचारून तर लावायचं व्हतं म्हनावं." हे सांगताना ती तीनदा हसली. शेजारणीला सांगताना मी तिला चौथ्यांदा ऐकले.

माझ्या डोळ्याचे ऑपरेशन पुढच्या महिन्यात आहे. त्यानंतर दिव्याभोवतीची कडी जातील, असे डॉक्टर म्हणतात. ती कडी जाण्याआधी एकदा पुन्हा वैजनाथ यांच्या बांधावर जाऊन बसले. भट्टी थंड होती, हंगाम संपला आहे. भिंतीला हात लावला. वर फक्त उन्हाची ऊब, आत काही नाही. तरी मी बराच वेळ बसले. या वेळीही नोंद केली नाही.

सादिकभाईंच्या हाती काय काय दिले ते खाली लिहिते. मिळाल्यावर पडताळून पाहा.

सु. ता. कऱ्हाळे

पोच

आज दिनांक ५ एप्रिल २०२५ रोजी, शिरड शहापूर येथे, रुक्सार हिला देण्यासाठी तिचे वडील सादिक यांच्या हाती पुढील वस्तू दिल्या.

१. निरीक्षणाची मूळ वही, एक. पाने सोळा. पान चारवर एक वेळ चुकली आहे, तिच्यावर रेघ मारली आहे, वाचता येते. पान सहावर सव्वाअकरा ते एक ही जागा कोरी आहे, ती तशीच ठेवावी.

२. भट्टीच्या खोबणीतली भाजलेली माती, मूठभर, खतीजाबींच्या चहाच्या डब्यात. डबा परत यावा असे खतीजाबींचे म्हणणे.

३. पत्र्याची पट्टी, एक. थेंबांचे डाग पुसलेले नाहीत.

४. हाताच्या शेवया, एक पिशवी.

५. रुक्सारचे वडिलांना आलेले पत्र, एक कागद. आता दोन्ही बाजू वाचून दाखवल्या आहेत. पहिल्या वेळी एकच बाजू वाचली होती. ती चूक माझी, २ फेब्रुवारी. दुरुस्ती, १ एप्रिल.

देणार: सुमन तातेराव कऱ्हाळे.

घेणार: सादिक. अंगठा नको म्हणाले. घडवलेल्या प्रत्येक कढईच्या काठावर ते जी खूण ठोकतात, एक लहान वर्तुळ आणि मध्ये टिंब, ती पेनने काढली. त्याआधी हा कागद उलटवून मागून पाहिला. मागे काही नव्हते.